कोरा फ्लॅश

लग्नात फोटोवाल्याचे दोन दुश्मन असतात. एक जनरेटरवाला अन् दुसरे लेकरं. जनरेटरवाल्याले शिव्या तरी देता येतात, लेकरांचं काय करणार? नवरदेवानं नवरीचा हात धरला, उजेड बरोबर पडला, मी दम रोखून बटन दाबतो, अन् नेमकं त्याच वक्ती खालून एक शेंबडं मुंडकं वर येते. हातात कुल्फी. वीस वर्षं झाले मले या धंद्यात, मोताळ्याले बसस्टँडच्या मागं माहा स्टुडिओ आहे, पण लेकरू दिसलं की आजही माहं डोकं सरकते. आता तं त्यात कुत्र्याची भर पडली. मोबाइलवर कोण्या शहरातल्या नवरीच्या बाजूले बो बांधलेलं कुत्रं पाहतात अन् मले म्हणतात, "जीवनभाऊ, असा काढा ना आपला." अरे बावा, ते कुत्रं शिकवलेलं असते! आपलं कुत्रं मांडवात शिरलं की पहिले जेवणाच्या पंगतीकडं पळते.

म्हणून आमच्या लाइनीत एक जुना उपाय आहे, कोरा फ्लॅश. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो फ्लॅश असते ना, त्याच्या पाठीवर एक बारकं बटन असते, चालू आहे की नाही हे पाहायसाठी. ते दाबलं की लखकन उजेड पडते, पण फोटो निघत नाही. "माहा काढा, माहा काढा" करत लेकरू पायात आलं की त्याच्याकडं कॅमेरा करायचा अन् अंगठ्यानं ते बटन दाबायचं. लेकरू खूश, आपण मोकळे. माह्या उस्तादानं मले हे शिकवलं तवा रीळ महाग होता. आता रीळ राह्यला नाही, सवय तेवढी राह्यली.

त्या बटनापायी मागच्या मे महिन्यात रोहिणखेडले जे झालं, ते सांगतो. सांगायची हौस नाही, पण पोटात ठेवूनही होत नाही.

लग्न होतं प्रतीक्षाचं. प्रतीक्षा म्हणजे रोहिणखेडच्या गोविंदाची बहीण, त्याच्याच घरी राहत होती. तिचा पहिला नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याले तीन वर्षं झाले. पदरात सहा वर्षांची पोट्टी, छकुली. आता जळगाव जामोदचा राजकुमार तिच्याशी लग्न करत होता. त्याचा भाजीपाल्याचा ठोक धंदा, माणूस कामाचा, पण पस्तिशी आली तरी त्याचं कुठं जमलं नव्हतं. पोट्टीसकट करतो, असं त्यानं स्वतः येऊन सांगतलं होतं. पण राजकुमारले बाप नाही. घरात शब्द चालते तो त्याच्या मोठ्या काकाचा, हिंमतरावाचा. मले फोटोची सुपारीही त्यांनीच देली होती.

सकाळी मी पोचलो तं हिंमतराव वरातीच्या आधीच सामान घेऊन आले होते. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, अन् बोलणं असं की समोरच्यानं हो म्हणावं म्हणूनच.

"फोटोवाले, एक गोष्ट ध्यानात ठेवा," त्यांनी मले मांडवाच्या कोपऱ्यात घेतलं. "नवरीची पोट्टी एकाही फोटोत दिसली नाही पाहिजे. आमचा अल्बम चार पाहुण्यांत फिरते. लोक इचारतात, हे कोनाची? राजकुमारचं हे पहिलंच लग्न हाय."

"हाव," मी म्हटलं.

खरं सांगतो, मले त्यात काहीच वावगं वाटलं नाही. एक लेकरू कमी झालं तं बरंच, असं वाटलं. तशीही मायचं लग्न लेकरानं पाहू नये, अशी आमच्याकडं रीत सांगतात. म्हणून अंबूबाईनं, म्हणजे छकुलीच्या आजीनं, लग्न लागेपर्यंत तिले घेऊन मागच्या खोलीत बसायचं, असं घरात ठरूनच होतं.

दहा वाजता नवरीच्या खोलीत मी प्रतीक्षाचे एकटीचे फोटो काढत होतो. दारातून पोपटी रंगाचा फ्रॉक आत आला. मागून कुत्रं. मातकट रंगाचं, एक कान अर्धा तुटलेला, अन् गळ्यात लाल रिबिनीचा तुकडा बांधलेला.

"काका, हा भुऱ्या. याले बी तयार केलं," छकुली म्हणाली. "आमचा फोटो काढा. मी, मम्मी, नवे पप्पा अन् भुऱ्या."

"तुहे नवे पप्पा अजून जळगावातच हायेत."

"मंग माहा अन् मम्मीचा काढा. त्यांचा मंग काढू."

अंबूबाई तिले धरायले आली अन् कुत्र्याकडं पाहून कपाळाले हात लावला. "काय सांगू भाऊ, हे कुत्रं तिले सोडून दहा पावलं जात नाही. शाळेत गेली तं शाळेच्या फाटकापाशी बसून राहते."

प्रतीक्षानं माह्याकडं पाहिलं. हळदीनं पिवळी झालेली बाई, पण डोळ्याखाली काळं होतं. "काढा ना भाऊ एक," ती म्हणाली. "मी तिले शब्द देला हाय. आपला फोटो निघाला की आपण सारे एका गाडीत बसून नव्या घरी जाऊ. रातभर तेच इचारून राह्यली होती."

तेवढ्यात दारात खोकल्याचा आवाज आला. हिंमतराव. चौकटीले हात टेकून उभे राह्यले. मी त्यांच्याकडं पाहिलं, पोट्टीकडं पाहिलं. कॅमेरा वर केला अन् अंगठ्यानं मागचं बटन दाबलं. लख्ख उजेड पडला. हिंमतरावाच्या कपाळाले आठी पडली, मी त्यांच्याकडं पाहून बारकीशी मान हलवली. त्यांना काय समजायचं ते समजलं असंन.

"दाखवा," छकुली म्हणाली.

"लग्न झाल्यावर अल्बममधी पाहजो."

"मागं पडद्यावर दिसते ना लगेच. मम्मीचा तुमी मम्मीले दाखवला."

"लेकरांचे नाही दिसत पडद्यावर," मी काहीतरी ठोकून देलं.

ती जराशी माह्या हाताकडं पाहत उभी राह्यली. मले वाटलं, चला, पटलं. मी पुन्हा प्रतीक्षाकडं वळलो, पण पोट्टी हटेना. मायच्या खांद्यामागून डोकावे, कुत्रं साडीच्या निऱ्या हुंगे. तीन फोटो तसे आले. मी तिथंच ते तिन्ही पुसून टाकले, अन् माह्या तोंडून निघून गेलं, "हट व बाजूले! सारे फोटो खराब करून राह्यली."

अंबूबाईनं तिले हाताले धरून नेलं. ती रडली नाही. रडली असती तं मी तेव्हाच थोडा वरमलो असतो.

मंग मी पाणी प्यायले बाहेर आलो. व्हरांड्यात हिंमतराव अन् गोविंदा बोलत होते. हिंमतराव म्हणत होते, "पोट्टी सध्या अठीच राहू द्या तुमच्यापाशी. दिवाळीपर्यंत. मंग पाहू."

गोविंदा जमिनीकडं पाहत होता. "प्रतीक्षाले सांगतलं का?"

"बिदाईच्या वक्ती सांगू. रडत तं तशीही राहते नवरी."

गोविंदानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. त्याच्या मागं दाराले पडदा होता. पडद्याखाली कुत्र्याचे चार पाय दिसत होते, अन् त्याच्या बाजूले दोन बारके पाय. पायात नवे पैंजण. मी ते पाहिलं. गोविंदाले खुणावता आलं असतं. पण मनात म्हटलं, दुसऱ्याच्या घरचं लफडं, आपण कायले पडा? ग्लास खाली ठेवला अन् कॅमेरा उचलून चालता झालो. आज त्या ग्लासाचीही लाज वाटते मले.

अकरा-सव्वाअकराले वरात आली. त्रेचाळीस डिग्रीचं ऊन, डीजे असा की छातीची हाडं वाजत होती. नवरदेवाची पांढरी गाडी रस्त्याच्या कडेले लिंबाखाली लावली. येतानाचे फूल करपून गेले होते, म्हणून बिदाईसाठी फूलवाला ती पुन्हा सजवत होता. त्याचे फुलाचे ओले पोते डिक्कीत होते, डिक्की उघडी. तिथं माहे फोटो चालूच होते. आजकाल गाडीचे वेगळे फोटो लागतात, नवरदेवाच्या दोस्तांचे गाडीले टेकून वेगळे, मावश्यांचे गॉगल घालून वेगळे. मधी मधी मांडवात जायचं, अन् कोणी बोलावलं की पुन्हा गाडीपाशी यायचं.

मुहूर्त बारा पन्नासचा होता. राजकुमार पाटावर उभा राह्यला, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाले लिंबू. प्रतीक्षाले मामानं आणलं. भटजीनं आंतरपाट उघडला, लोकांच्या हातात अक्षदा आल्या, मी स्टुलावर चढलो. अन् प्रतीक्षा मागं वळली.

"एकदा छकुलीले पाहून येऊ द्या मले," ती म्हणाली. "नुसतं दारातून. मंग धरा आंतरपाट."

बायका कुजबुजल्या. भटजी घड्याळाकडं पाहू लागले. राजकुमार म्हणाला, "जाऊ द्या तिले, दोन मिनिटं." पण तिले जायचं काम पडलं नाही. अंबूबाईच मांडवात येत होती, पदर डोक्यावरून पडलेला, अन् ती एकेकाले इचारत होती, "छकुली तुमच्यापाशी हाय का व? तुमच्यापाशी हाय का?"

अंबूबाईनं तिले बुंदीची वाटी देऊन खोलीत बसवलं होतं. वरात आली म्हणून ती ओवाळायले बाहेर गेली. परत आली तं पोट्टी नाही. तिले वाटलं, मामीनं, म्हणजे गोविंदाच्या बायकोनं, नेली असंन. मामीले वाटलं, आजीपाशीच आहे. तास-सव्वा तास झाला होता अन् साऱ्यांले वाटत होतं की ती दुसऱ्या कोणापाशी आहे.

गोविंदा ओरडला, "बंद करा रे ते!" डीजे बंद झाला. मंग कोणीतरी म्हणालं, "विहीर," अन् सारा मांडव उठला.

गोविंदाची विहीर घराच्या मागं, शे-दीडशे पावलांवर. कठडा एका बाजूनं पडलेला. दोन पोट्टे दोराले धरून उतरले. एकानं बुडी मारली, वर आला, मान हलवली, पुन्हा बुडी मारली. काठावर प्रतीक्षा उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. दोन बायकांनी तिले दंडाले धरून ठेवलं होतं. ती ओरडत नव्हती. हळू आवाजात म्हणत होती, "ती पाण्यापाशी जात नाही. मी सांगतलेलं हाय तिले. ती जात नाही." प्रत्येक बुडीले तेच.

मंग तिची नजर माह्यावर पडली. दंड सोडवून ती माह्यासमोर आली. "भाऊ, तुमी सकाळपासून फोटो काढून राह्यले. पाहा ना कोण्या फोटोत ती हाय. कोनाच्या संगं हाय. कोण्या बाजूले गेली. पाहा ना!"

लोक माह्याभोवती गोळा झाले. मी कॅमेऱ्याचा पडदा हातानं झाकून ऊन अडवलं अन् एकेक फोटो मागं नेऊ लागलो. सहाशेच्या वर फोटो होते. बँडवाले दिसत होते, मावश्या दिसत होत्या, पंगतीत वाढणारे दिसत होते. छकुली कुठंच नव्हती. कशी असणार? सकाळी एकदा, हळदीच्या ताटापाशी एकदा, वरात येताना फाटकात एकदा, ती जिथं जिथं माह्यासमोर आली, तिथं तिथं मी तिले पुसलं होतं. काम चोख केलं होतं मी. समोर हिंमतराव उभे होते. त्यांनाही कळत होतं मले काय सापडत नाही ते. पंच्याचं टोक त्यांच्या मुठीत पिळलं जात होतं.

"नाही दिसत," मी म्हटलं.

"नाही कशी दिसत? एवढे फोटो काढले! सकाळी माह्यासमोर काढला ना एक, तो तरी दाखवा!" प्रतीक्षानं माह्या कॅमेऱ्याचा पट्टा धरला.

मी मान खाली घातली अन् बटन दाबत राह्यलो. तिच्याकडं पाहायची हिंमत नव्हती म्हणून पडद्याकडं पाहत होतो, बाकी काही नाही. गाडीचे फोटो आले. बारा वाजून चौदा मिनिटं, नवरदेवाचे दोस्त गाडीले टेकलेले. फुलाचे हार लागलेले, डिक्की बंद. मागच्या चाकापाशी भुऱ्या उभा, तोंड वर, डिक्कीकडं. पुढं गेलो. बारा एकतीस, मावश्या गॉगल घालून. तेच चाक, तीच जागा. भुऱ्या बसलेला, तोंड डिक्कीकडंच. अन् लिंबाची सावली सरकून गेलेली. कुत्रं उन्हात बसलं होतं.

मे महिन्यात आमच्याकडचं कुत्रं बारा वाजता उन्हात बसत नाही हो. नालीत बसते, रांजणाखाली बसते, ट्रॅक्टरखाली लोळते. दोन पावलांवर सावली असताना हे कुत्रं तापल्या मातीत बसून राह्यलं होतं, अन् गळ्यातली रिबीन तशीच. अंबूबाईचं सकाळचं बोलणं मले आठवलं. दहा पावलं जात नाही.

"गाडी," मी म्हटलं. कोणाले ऐकू गेलं नाही. मंग मी बोंबललो, "गाडीच्या डिक्कीत हाय पोट्टी! डिक्कीत हाय!"

मी पळत सुटलो. राजकुमार माह्या पुढं गेला, फेट्याचा शेव मागं उडत होता. भुऱ्या तिथंच होता. आता पडलेला, जीभ बाहेर, तोंडाले फेस. आमाले पाहून उठला अन् डिक्कीवर पंजे मारू लागला. डिक्कीले खालच्या अंगानं आधीचेच ओरखडे होते. डीजे वाजत असताना तिथं काय काय वाजलं असंन, ते माह्या डोक्यात आलं.

राजकुमारनं डिक्कीवर हात मारला. "छकुली! बेटा!" आतून काही आवाज नाही. गाडी कुलूपबंद, काचा वर. किल्ली ड्रायव्हरपाशी अन् ड्रायव्हर गावात पान खायले गेलेला. कोणीतरी फोन लावला, लागेना.

राजकुमारनं कट्यार फेकून देली अन् आचाऱ्याच्या चुलीचा दगड उचलला. मागून हिंमतराव धापा टाकत येत होते. "अरे थांब! ड्रायव्हर येतेच हाय! काच फोडू नको, गाडी भाड्याची हाय!"

"गाडी भाड्याची हाय, काका," राजकुमार ओरडला, "पोट्टी माही हाय!"

दोन घावांत काच फुटली. गाडी बोंबलू लागली. अशीच गाडी माह्या साळ्यापाशी आहे, डिक्कीची कळ सीटच्या खाली असते हे मले माहीत होतं. मी फुटक्या काचेतून कमरेपर्यंत आत शिरलो, हात कापला, कळ ओढली. टक्क झालं.

फुलाच्या रिकाम्या पोत्यांमागं छकुली मुटकुळं करून पडली होती. तोंड लालभडक, ओठ फुटलेले, अंगाले घाम नाही. मी हात लावला तं तव्याले लावावा तशी गरम. राजकुमारनं तिले उचललं, तशी तिची मान मागं पडली. तिच्या पोटाशी शाळेचं दप्तर होतं. नंतर उघडून पाहिलं तं त्यात दोन फ्रॉक, एक कंगवा अन् भुऱ्याची जेवायची ॲल्युमिनमची थाळी निघाली.

"सावलीत न्या! गर्दी हटवा!" ही सिंधूताई, गावातली आशा वर्कर, लग्नाले आली होती म्हणून देवच पावला. राजकुमारनं पोट्टीच्या तोंडाले पाण्याचा ग्लास लावला तं तिनं त्याच्या हाताले फटका मारला. "शुद्ध नाही तिले, पाणी छातीत जाईन! अंगावर टाका, अंगावर!" जारचं थंड पाणी आलं, सरबताच्या पिंपातला बर्फ आला. प्रतीक्षानं शालूचा पदर पाण्यात बुचकळला अन् पोट्टीच्या मानेले, काखेले, कपाळाले लावत राह्यली. तिचं काजळ गालावर उतरलं होतं. माहा कॅमेरा गळ्यात लोंबत होता, त्यावर माह्याच हाताचं रक्त पडत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील, नाही तं दहा. भुऱ्या पोट्टीचे तळपाय चाटत होता अन् त्याले कोणी हाकललं नाही. मंग छकुलीच्या पोटात कळ आल्यासारखं झालं, तिनं ओकारी काढली, अन् रडू लागली. बारीक, बसक्या आवाजात.

मी कधी कोण्या लेकराच्या रडण्यावर खूश झालो नव्हतो, तेव्हा झालो.

गावातल्याच डॉक्टरनं सलाईन लावलं. म्हणाला, अजून पंधरा-वीस मिनिटं गेले असते तं काही खरं नव्हतं. फूलवाला दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होता. पोते तिथंच टाकून, आत न पाहता त्यानं डिक्की आदळली होती. मी त्याले म्हटलं, "तुह्या एकट्याचं नाही ते." जास्त बोलायची माही हिंमत झाली नाही.

चार वाजता सलाईन संपलं. मांडवात निम्मे पाहुणे उरले होते. हिंमतराव म्हणाले, "मुहूर्त तं गेला."

"दुसरा काढा," प्रतीक्षा म्हणाली. ती उभी होती, अन् पदर अजून ओलाच होता. "अन् काका, गोविंदानं मले सारं सांगतलं. बिदाईच्या वक्ती जे सांगणार होते ना तुमी मले, ते आत्ता सांगा. साऱ्यांसमोर सांगा. मंग मी ठरवीन, पाटावर उभं राह्याचं की नाही."

सारे हिंमतरावांकडं पाहू लागले. राजकुमारही. म्हाताऱ्यानं खांद्यावरचा पंचा काढून त्याची घडी केली. मंग म्हणाला, "काही नाही राह्यलं आता सांगायचं, बाई." अन् भटजींकडं वळला. "पाहा हो, गोरज मुहूर्त हाय का."

लग्न सव्वासहाले लागलं. छकुली राजकुमारच्या बहिणीच्या मांडीवर, अगदी पुढं बसली होती. मायचं लग्न तिनं डोळे फाडफाडून पाहिलं. आभाळ काही कोसळलं नाही.

मंग राजकुमारनं मले हाक मारली. "जीवनभाऊ, आता पहिला फोटो आमच्या चौघांचा."

चौघं उभे राह्यले. राजकुमार, प्रतीक्षा, मधी खुर्चीवर छकुली, खाली भुऱ्या. ऊन उतरलं होतं, उजेड मऊ होता, असा उजेड दिवसभरात एखाद्या वक्तीच मिळते. मी गुडघे टेकून मातीत बसलो. लेकराचा फोटो लेकराच्या उंचीवरून काढायचा असते, हे मले वीस वर्षांपासून माहीत होतं. कधी केलं नव्हतं, एवढंच.

"छकुली, इकडं पाह्य."

तिनं पाहिलं नाही. म्हणजे कॅमेऱ्याकडं पाहिलं नाही. तिची नजर माह्या हातावर होती, पट्टी बांधलेल्या. मी थांबलो. एवढ्या माणसांसमोर माहा धंदा, माही वीस वर्षं, सारं एका बाजूले ठेवलं, अन् कॅमेरा खाली घेतला.

"छकुली, सकाळी मी तुहा फोटो काढलाच नव्हता," मी म्हटलं. "नुसता उजेड पाडला. तुह्याशी खोटं बोललो."

प्रतीक्षानं माह्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, अन् विसरू नये.

"मले माहीत हाय," छकुली म्हणाली.

"माहीत हाय?"

"मम्मीच्या वक्ती तुमी वरचं बटन दाबत होते, या बोटानं. माह्या वक्ती मागचं दाबलं, अंगठ्यानं." तिनं स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. "मंग मले समजलं, मले नाही नेत."

"मंग तवाच काऊन नाही बोलली बेटा?"

"तुमी मोठे हा ना," ती म्हणाली.

मी कॅमेरा पुन्हा उचलला, पण मले काहीच दिसेना, मी बाहीनं डोळे पुसले.

"आता वरचं दाबा," छकुलीनं सांगतलं.

मी वरचं दाबलं. मंग गळ्यातून पट्टा काढला अन् कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पडद्यावर बोट ठेवून एकेक मोजलं. मम्मी. पप्पा. मी. भुऱ्या. राजकुमारचा एक डोळा मिटला होता अन् भुऱ्यानं ऐन वक्ती मान वळवली होती, त्याचा नुसता तुटका कान आला होता. दुसऱ्या कोण्या दिवशी असा फोटो मी एक मिनिटही ठेवला नसता.

मी कॅमेरा घ्यायले हात पुढं केला. तिनं तो छातीशी धरला.

"काका," ती म्हणाली, "हा पुसू नका."